काळी दोन
पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबचा वास आला की मला संग्रामपूरकडच्या आमच्या गावातलं देऊळ आठवतं. तिथे दर गुरुवारी भजन असायचं आणि बाबा गायचे ते पेटीच्या काळी दोन या उंच पट्टीतच. कुणासाठी सूर उतरवायचा नाही, हा त्यांचा बाणा. अशाच एका गुरुवारी मी पहिल्यांदाच गिटार घेऊन बसले. मोबाईलवर बघून शिकलेले माझे कॉर्ड खालच्या पांढरी एक पट्टीचे, ते बाबांच्या सुराला जुळेनात. पेटीवाले काका म्हणाले, "राहू दे पोरी, भजनात हे नाही बसत." बाबांनी टाळ खाली ठेवले. "काऊन थांबली वं?" "तुमचा सूर मोकळ्या तारांवर नाही सापडून राह्यला, बाबा. वर चढवाले तारा दाबून धरणारा चिमटा लागते, तो नाही माह्यापाशी." ते उठून बाहेर गेले, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि एक पेन्सिल घेऊन आले, आणि मी दाखवलं तिथे गिटारीच्या मानेवर, तारांवरून पेन्सिल आडवी आवळून बांधली. "वाजव आता." बोटांना रबराचा वास येत होता, पण आरतीपर्यंत मी थांबले नाही. आता तो चिमटा, विकतचा कॅपो, माझ्या बॅगेत असतो. गावी गेल्यावर मात्र तो बॅगेतून काढावा लागत नाही. वय झालं तसा बाबांचा सूर आपसूकच खाली, माझ्या मोकळ्या तारांवर आला आहे.