शोभाताईंपर्यंत न पोचलेले फोन

डॉक्टरांना माझ्याकडून पुरावा हवा होता. शोभाताई फोन उचलत नाहीत, याचा.

“जाधव, मशीनमधून सगळा लॉग काढून द्या,” ते म्हणाले. “कोणता फोन कधी आला, कोणता उचलला नाही. सोमवारपासून मी नवी रिसेप्शनिस्ट ठेवतोय. पण कारण तोंडी नको, कागदावर हवं.”

शोभाताई काचेपलीकडे रिसेप्शनवर बसल्या होत्या. या प्रसूतिगृहात त्यांना अकरा वर्षं झाली. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, मुलगी बारावीला. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात असावं, कारण त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

धाराशिवमध्ये माझं टेलिफोन सिस्टिमचं दुकान आहे. बावीस-तेवीस वर्षं हेच करतोय. ईपीएबीएक्स म्हणजे बाहेरून एका नंबरवर आलेला फोन आत रिसेप्शन, ओपीडी, मेडिकल, वॉर्ड असा फिरवून देणारी पेटी. डॉक्टरांची जुनी पेटी मीच बसवली होती. ती थकली तेव्हा नव्याचं कोटेशनही मीच दिलं. डॉक्टरांनी ते वाचलं, मला चहा पाजला आणि सिस्टिम ऑनलाइन मागवली. माझ्यापेक्षा स्वस्त, रंगीत स्क्रीनचे फोन. बसवायला माणूसही लागला नाही; पलीकडचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर सांगत गेला आणि डॉक्टरांनी स्वतः वायरी जोडल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? तीन महिने मी त्या गल्लीतून गाडी नेली नाही.

त्यामुळे बोलावणं आलं तेव्हा मी खूश होतो. मशीन खराब निघणार आणि आपली पेटी खपणार, असं धरूनच मी टूल बॅग उचलली होती.

मशीन ठणठणीत होतं. अर्थिंग बघितलं, पॉवर सप्लाय बघितला, वायरिंग बघितलं. डॉक्टरांनी मारलेले कनेक्टर माझ्या माणसापेक्षा नीट होते. शेवटी टाके घालणारा हात.

डॉक्टरांनी खिशातला मोबाइल काढून दवाखान्याचा नंबर लावला आणि लगेच शून्य दाबलं. शोभाताईंच्या टेबलावर बेल वाजली.

“बघा, वाजतोय,” डॉक्टर म्हणाले. “मग रोज तीस-चाळीस फोन अनआन्सर्ड कसे येतात?”

“कंपनीला विचारलं?”

“दोनदा. चॅटवर. सिस्टिम सेटिंगप्रमाणे चालू आहे म्हणाले.”

मी शोभाताईंकडे गेलो. “ताई, खरं सांगा. गर्दीत एखादा फोन राहून जातो का?”

“दादा, राहिला तर मी उलटा लावते की! पण मला बेलच येत न्हाय. पहिल्या मशीनवर लई डोकं उठायचं. आता निस्ती बसून असते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतेत, बहाणे करू नका. काल तेरची एक बाई भांडून गेली. चारदा लावला म्हणे तिनं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तोंड फिरवून ओपीडीचं रजिस्टर उघडलं. मला वाईट वाटलं. पण बेल तर आत्ताच माझ्यासमोर वाजली होती.

मग मी लॅपटॉप जोडून बसलो. डॉक्टर मोबाइलवर बघायचे तो रिपोर्ट थोडक्यातला. त्यात दोनच रकाने, उचललेले आणि न उचललेले. सविस्तर लॉग आत कुठेतरी पडलेला असतो आणि तो सहसा कोणी उघडत नाही. त्यात प्रत्येक फोन पुढे कोणत्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे आतल्या कोणत्या फोनवर गेला ते दिसतं. न उचललेल्या फोनसमोर ती जागा कोरी होती. ते शोभाताईंच्या टेबलापर्यंत पोचलेच नव्हते. आणि सगळे पाच, सहा, सात सेकंदांत तुटलेले.

सहा सेकंदांत असं होतं तरी काय? मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला आणि या वेळी काहीच दाबलं नाही. एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. आधी छान इंग्रजीत स्वागत, मग हिंदी, मराठीचा नंबर तिसरा. ओपीडीसाठी एक, रिसेप्शनसाठी शून्य. याला ऑटो अटेंडंट म्हणतात. शहरात ही आता इतकी नेहमीची गोष्ट आहे की मला किंवा डॉक्टरांना ती ऐकूच येत नाही, बोट आपोआप शून्यावर जातं.

लॉगमधला सकाळचा एक नंबर मी स्पीकरवर लावला. अणदूरच्या एका म्हाताऱ्याने उचलला.

“काका, दवाखान्यातून बोलतोय. सकाळी फोन केला होता का?”

“व्हय, तीनदा केला. सुनंची तारीख इचारायची हुती. तुमचा फोन बंद हाय की!”

“बंद कुठं? लागला होता ना?”

“कुठला लागतोय! ती बाई बोलाय लागली. बाई बोलली की नंबर लागत न्हाय, एवढं कळतंय की आमाला. म्या दिला ठिवून.”

डॉक्टर दारात येऊन उभे होते. मी दुसरा नंबर लावला, जळकोटचा. तिथला माणूस म्हणाला, “रेंजमदी न्हाय म्हणत हुती बाई.” ती बिचारी तसं काही म्हणालीच नव्हती. पण गावाकडे मोबाइलवर बाईचा आवाज ऐकू येतो तो नंबर बंद असला की, नाहीतर बिझी असला की. माणसं पुढचं ऐकत बसत नाहीत. फोन ठेवतात, जरा वेळाने पुन्हा लावतात, पुन्हा तीच बाई.

मी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अटेंडंट बंद केला. दोन मिनिटांचं काम. आता बाहेरचा फोन सरळ रिसेप्शनवर वाजणार होता.

“म्हणजे तुमच्याकडून घेतलं असतं तर हे झालं नसतं,” डॉक्टर म्हणाले.

इथे नुसती मान हलवली असती तरी पुढची ऑर्डर माझीच होती. मला मोहही झाला. पण शोभाताई माझ्याकडेच बघत होत्या.

“झालं असतं, डॉक्टर. माझ्या कोटेशनमध्येही ही बाई होती. जादा सोय म्हणून लिहिली होती मी.”

“मग फरक काय?”

“तुम्ही दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन माझ्यावर ओरडला असता. इथं ओरडायला समोर ताईच होत्या.”

जरा जास्तच बोललो. डॉक्टर ओपीडीच्या भरल्या बाकांसमोर रिसेप्शनच्या टेबलाशी गेले. “शोभाताई, चुकलं माझं.”

तेवढ्यात बेल वाजली. शोभाताईंनी हाताने डॉक्टरांना थांबवलं आणि रिसीव्हर उचलला. “हां काकू, बोला. व्हय, डॉक्टर हायेत की. या तुमी.”

लॉगचा कागद काही निघाला नाही. शोभाताई अजून तिथेच आहेत आणि ऑनलाइन घेतलेली सिस्टिमही उत्तम चाललीय. मी मात्र एक सवय लावून घेतली. कुठेही सिस्टिम बसवली की बाकावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच मोबाइलवरून तिथला नंबर लावायला सांगतो आणि तो काय करतो ते बघत गप्प उभा राहतो. त्याने फोन ठेवून दिला, तर काम अजून व्हायचंय.