जनार्दन सामान्ये यांचे बारा किलो पापड

जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्यासाठी तुम्ही कधी बारा किलो नागलीचे पापड लाटले आहेत का?

आमच्या घराने लाटले आहेत. तेही पातळ, कारण त्या माणसाला दात नव्हते.

दोष कुणाचा हे शेवटपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दोष माझा. पण मी अशी का झाले, ते आधी ऐकून घ्या. आमचे अप्पा एसटीत कंडक्टर होते. दिवसा तिकिटं फाडायचे आणि संध्याकाळी अन्यायाचा बुरखा. रस्त्यातला खड्डा असो की रेशनचं धान्य, अप्पा पत्रक काढायचे. आमच्या फडताळात डब्यांखाली वर्तमानपत्र नसायचं, उरलेली पत्रकं असायची. मी अक्षरं शिकले तीच मुळी ‘जागे व्हा!’ वरून. अप्पांनी माझं नावही क्रांती ठेवलं. त्यामुळे गेली सव्वीस वर्षं आमच्या घरात रोज सकाळी, “क्रांती, ऊठ की गं, चहा गार झाला!” अशी घोषणा होते. क्रांती अर्थातच लोळत असते.

तर ही क्रांती सॉफ्टवेअर डेव्हलपर झाली. कंपनी पुण्यात, मी नाशिकला घरी. माझं ऑफिस म्हणजे आईच्या शिलाई मशीनवर ठेवलेला लॅपटॉप. (मीटिंगमध्ये चुकून पाय मशीनच्या पॅडलवर पडला की मशीन खडखडतं आणि साहेबांना वाटतं, पोरगी काय झपाट्याने टाइप करतेय!)

गेल्या वर्षी आईने कॉलनीतल्या चार जणींना घेऊन पापडांचं मंडळ काढलं. त्यांतली शेवंतामावशी मूळची हरसूलकडची, म्हणून नागली, म्हणजे नाचणी, तिच्या माहेरची. पापड उत्कृष्ट. पण विकायचे कसे? कुणीतरी सुचवलं, त्या घरपोच माल देणाऱ्या ॲपवर टाका. झालं! माझं रक्त उसळलं. उकड काढणार माझी आई, लाटणार माझी आई, गच्चीवर कावळे हाकणार माझी आई आणि मधल्यामध्ये वाटा कोण खाणार? ज्याने जन्मात लाटणं हातात धरलं नाही तो! (मीही धरलेलं नव्हतं, पण तो मुद्दा मी पत्रकात घेतला नाही.) हो, पत्रकच काढलं. ‘पापड लाटणारीच पापडाची मालक! दलाल हटवा!’ मजकूर माझा, शुद्धलेखन अप्पांचं. आणि आठ दिवसांत मी मंडळाचं स्वतःचं ॲप लिहिलं. नाव ठेवलं ‘लाटणं’.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. दुकान उघडण्याआधी आम्ही स्वतःच खोट्या ऑर्डरी टाकून बघतो, सगळं चालतंय ना म्हणून. त्याला टेस्टिंग म्हणतात. साधी माणसं तिथे ‘अबक’ असं काहीतरी लिहितात. पण मी पत्रकांवर वाढलेली! मी लिहिलं, ‘जनार्दन सामान्ये, घर क्रमांक एक, समता चाळ, द्वारका.’ (कृष्णाची नव्हे, आमच्या नाशिकमधली.) वजनाच्या रकान्यात दोन आकडे बसतात का हे पाहायचं होतं, म्हणून बारा किलो. शेवटी ‘काही सूचना’ असा रकाना होता, तो रिकामा कसा सोडायचा? तिथे लिहिलं, ‘पातळ लाटा. मला दात नाहीत.’ दुसरी ऑर्डर टाकली लढाऊ महिला मंडळाच्या नावाने. पत्ता : कारखान्यांचं मोठं गेट, सिन्नर. अठरा किलो.

सगळं झकास चाललं. संध्याकाळी मी दोन्ही खोट्या ऑर्डरी पुसून टाकल्या, ॲप लख्ख केलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. ऑर्डर आली की आईच्या फोनवर ‘टिंग’ वाजेल, अशी सोय मी मोठ्या कौतुकाने केली होती. ते दुपारी दोनदा वाजलं होतं. आणि माझ्या आईचा फोनवर काडीचा विश्वास नाही. टिंग वाजलं की ती आधी डोळ्यांवर चष्मा चढवते आणि सगळं वहीत उतरवून घेते. ॲपमधलं मी पुसलं. वहीतलं कोण पुसणार?

पुढचे दहा दिवस आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं, वा, माझ्या ॲपचा प्रताप! मी मैत्रिणींना फोटो पाठवले. शेवंतामावशी हरसूलहून नागलीची दोन पोती घेऊन आली. बायका लाटत होत्या आणि दात नसलेल्या जनार्दनरावांची चिंता करत होत्या. (हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या कानात हेडफोन होते आणि हेडफोनमध्ये साहेब.)

“बारा किलो एकटा मानूस खानार?” मावशी म्हणायची.

“लग्नकार्य असेल हो घरात,” आई.

“मंग सूनबाईनं नसती का दिली ऑर्डर? सोता म्हाताऱ्यानं दिली, म्हंजे सून इचारत नसंल त्याला. दे इकडं तो गोळा, मी लाटते. तू जाड लाटतीस. बिचाऱ्याच्या हिरड्या सोलतील!”

मावशीने त्या अनोळखी हिरड्यांसाठी मिरचीही कमी केली. वर हरसूलच्या आठवडी बाजारात सगळ्यांना सांगून आली, “आपल्या नागलीला नाशकात मोठं गिऱ्हाईक लागलंय. म्हातारा हाय, पन पारखी हाय!” पुढच्या हंगामाची नागली तिने तिथल्या बायकांकडे शब्द टाकून ठरवूनही टाकली.

अकराव्या दिवशी सकाळी माझ्याकडे ऑफिसचं एक महत्त्वाचं काम होतं. नव्याने लागलेल्या बत्तीस मुलामुलींना लॅपटॉपवरून शिकवायचं होतं. विषय? ‘खोटा डेटा आणि खरा डेटा वेगळा कसा ठेवावा.’ (हसू नका. पुढे अजून आहे.)

मी रंगात आले होते. “मित्रांनो, निष्काळजीपणा हासुद्धा एक अन्याय आहे!” एवढं म्हणते तोच अप्पांचा फोन. दोनदा कापला. तिसऱ्यांदा स्पीकरवर घेतला आणि लॅपटॉपचा माइक बंद करायला विसरले.

“क्रांती, द्वारकेला उभा आहे. समता चाळ नेमकी कुठल्या बाजूला?”

“कुठली चाळ?”

“अगं, जनार्दन सामान्ये! पापड घेऊन आलोय. तिघांना विचारलं. एक म्हणाला पुलाच्या पलीकडे, दुसरा म्हणाला असं काही नाहीच, तिसरा म्हणाला पाडली.”

“अप्पा, ऐका...”

“पाडली असेल तर पत्रक काढावं लागेल!”

आपण काय करून ठेवलंय ते एका क्षणात कळलं. आता खरं बोलायचं. सत्य सांगायला मुहूर्त लागत नाही, हे वाक्य मी स्वतः तीन पत्रकांत लिहिलेलं आहे. मी म्हणाले,

“अप्पा, ते गावाला गेलेत.”

“कधी?”

“आत्ताच.”

“मग शेजारी ठेवतो.”

“शेजारी कुणी नाही.”

“एवढ्या मोठ्या द्वारकेत शेजारी नाही? काय माणूस आहे! बरं, मग आधी सिन्नरचं उरकतो. गाडी लागलीच आहे.”

“सिन्नर? अप्पा, थांबा!”

पण मागून आपल्या जुन्या खात्याची गाडी आली की अप्पा कुणासाठी थांबत नाहीत. फोन बंद. मी लॅपटॉपकडे पाहिलं. बत्तीस चेहरे माझ्याकडे पाहत होते. एका मुलीने अदबीने हात वर केला. “मॅडम, सामान्ये हा खरा डेटा की खोटा?”

मी धावत गच्चीवर गेले. आई आणि शेवंतामावशी वाळवण उलटत होत्या. मी आईला विचारलं, “ॲपमध्ये तर सामान्यांची ऑर्डरच नाहीये. तुम्ही पापड कुणासाठी केले?”

आईने इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं.

“माहितीय मला,” ती कुजबुजली. “त्याच संध्याकाळी दोन्ही ऑर्डरी गायब झाल्या. पण मी कुणाला बोलले नाही हो! पोरीचं घरातलं पहिलं काम, आणि ॲपने ऑर्डरी गिळल्या म्हटलं तर बायका हसतील. म्हटलं, वहीत आहे ना, मग गुपचूप करून देऊ. तुझं ॲप चांगलं आहे गं. जरा विसराळू आहे, एवढंच. तुझ्यावर गेलंय.”

यापेक्षा तिने मला लाटण्याने मारलं असतं तर बरं झालं असतं!

मी खाली गेले, दोन तांबे पाणी प्यायले, वर आले आणि सगळं सांगून टाकलं. मावशी हातातला पापड तसाच धरून उभी राहिली.

“म्हंजे म्हातारा हायच नाय?”

“नाही मावशी.”

“आन् दात?”

“दात नाहीत. म्हणजे तोंडच नाही. काहीच नाही!”

मावशीने हातातला पापड वाळवणावर टाकला. “मी मिरची कमी घातली गं त्याच्यासाठी. आन् बाजारात आता काय सांगू? पुढच्या खेपेला बाया इचारतील, म्हाताऱ्याला पापड आवडले का? उंद्या कळलं, गिऱ्हाईकच खोटं, तं माझ्या शब्दावर पसाभर नागली तरी देतील का कुनी?”

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे घोषणा नव्हती.

दिवस मावळायच्या सुमाराला अप्पा आले. खांद्यावर एक भरलेली पिशवी, काखेत एक रिकामं पोतं आणि चेहऱ्यावर दिवाळी.

“सिन्नरचं झालं,” ते म्हणाले. “अठराही किलो!”

“कुणाला दिले?” आम्ही तिघी एकदम किंचाळलो.

“कुणाला म्हणजे? लढाऊ महिला मंडळाला! वॉचमन म्हणत होता, असलं मंडळ इथे नाही. त्याला काय माहीत? तेवढ्यात पाळी सुटली. शंभरेक बायका गेटबाहेर. मी आपला नेहमीचा आवाज लावला, ‘लढाऊ महिला मंडळ कोण? चला, पुढे सरका!’ एक बाई म्हणाली, ‘काका, आम्ही काही मागवलं नाही.’ मी म्हटलं, ‘महिला आहात ना?’ म्हणे, आहोत. ‘लढता ना?’ म्हणे, ‘रोजच की! सकाळी सासूशी, दुपारी सुपरवायझरशी, संध्याकाळी जीपमधल्या जागेसाठी.’ मग म्हटलं, तुमचेच आहेत, घ्या. अर्ध्या तासात पोतं रिकामं, पैसे रोख! पुढच्या महिन्याचीही नावं दिलीत त्यांनी. मंडळाची अध्यक्षाही तिथल्या तिथे निवडली. माझ्या समोर!”

मावशीच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला. अप्पांनी पिशवी खाली ठेवली. “आता फक्त सामान्ये राहिले. आले का ते गावाहून?”

आई माझ्याकडे पाहू लागली. मावशी माझ्याकडे पाहू लागली. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. अप्पांनी रिकाम्या पोत्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, “उभ्या नोकरीत बिनतिकिटाचे प्रवासी खूप पाहिले. बिनप्रवाशाचं तिकीट आजच पाहिलं.”

मी म्हणाले, “उरलेले बारा किलो मी विकत घेते. पगार आहे माझा.”

“तुझा पगार ठेव तुझ्याजवळ,” मावशी उसळली. “घरातच जिरवायचे तं लाटले कशाला? मला गिऱ्हाईक पायजे. खरंखुरं, चावणारं! मी बाजारात खोटं सांगनार नाय.”

शेवटचा निकाल आईने दिला. “माणूस तू जन्माला घातलास ना? मग आता त्याला शोधूनही तूच आण.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी पापडांची पिशवी घेऊन द्वारकेच्या आसपासच्या गल्ल्यांतून दारोदार फिरते. मधल्या माणसाला हटवायला निघालेली मी, आता ऊन-धूळ खात पत्ते शोधते आणि लोकांच्या दारावर ‘टिंग’ वाजवते. परवा एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, “कुठल्या ॲपची गं तू?” पाच किलो गेले. सात उरलेत. आई प्रत्येक नाव वहीत लिहून घेते आणि ‘खरा’ अशी खूण स्वतः फोन करून खात्री केल्यावरच करते.

म्हणून वाचकहो, एक कळकळीची विनंती. तुम्ही नाशिकला असाल आणि रविवारी सकाळी तुमच्या दारात घामाघूम झालेली एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली, तर दार लावून घेऊ नका. ती विचारेल, “जनार्दन सामान्ये इथेच राहतात का?” तेव्हा फक्त ‘हो’ म्हणा आणि निदान अर्धा किलो घ्या. आमची मावशी बाजारात उत्तर घेऊन जायची वाट पाहतेय.

दात असले तरी चालतील.