कर्नलसाहेबांचा सिगार आणि आमचं गाजर

मी आयुष्यात एकच सिगार ओढला. तोही पुरता नाही, जेमतेम पाऊण इंच. तेवढ्यात माझा नवा रेशमी कुर्ता कामातून गेला आणि माझ्या एकुलत्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं.

आम्ही मूळचे निपाणीचे. विमा कंपनीच्या नोकरीनं मला जयपूरला आणून टाकलं. पुढच्या वर्षी बदली होईल, होईल म्हणत आम्ही तिलक नगरात तीस वर्षं काढली, आणि मग निवृत्तच झालो. मुक्ता इथंच जन्मली. तिचं मराठी अर्धं नलूकडून, म्हणजे तिच्या आईकडून आलेलं आणि अर्धं शाळेतल्या मैत्रिणींकडून. तर या मुक्तानं एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "पप्पा, मला एक मुलगा पसंत आहे. मतलब, खूपच पसंत आहे."

मुलगा कुलदीप, तिच्याच कॉलेजात शिकवणारा. घराणं राजपूत. वडील फौजेतले निवृत्त कर्नल. आई तो लहान असतानाच गेलेली, त्याला वाढवलं आजीनं, म्हणजे दादीसांनी. त्यामुळं कर्नलसाहेब कितीही राजी असले, तरी दादीसांनी मान हलवल्याशिवाय त्या घरात लग्न सोडाच, पडदेसुद्धा बदलत नसत. मुक्ता दुसऱ्या कुणाला तयार नव्हती आणि कुलदीप दादीसांना दुखवायला तयार नव्हता. म्हणजे सगळं त्या एका मानेवर!

पहिला फोन कर्नलसाहेबांचा आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "सिगार का शौक रखते हैं आप?"

आता साधं 'नाही' म्हणायचं की नाही? पण समोर मुक्ता हाताच्या मुठी आवळून उभी. मी म्हणालो, "अजी, हम तो तंबाखू में ही पैदा हुए हैं!"

हे शब्दशः खरं होतं. माझे बाबा निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती तोलायचे. आमचं घर वखारीला लागून, त्यामुळं माझा पहिला श्वाससुद्धा शिंकेसकट आला असणार. पण कर्नलसाहेबांना वाटलं, व्वा, दर्दी माणूस! "फिर तो जमेगी," ते खूश होऊन म्हणाले. "मेरे पास एक मीडियम है, बड़ी नफ़ीस चीज़. आपके लिए रखता हूँ. अष्टमी को खाने पर आइए."

फोन ठेवला आणि मुक्तानं मला मिठी मारली. त्या मिठीनंतर खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

मग सुरू झालं माझं शिक्षण. हातात आठ दिवस. मोबाईलवर एक गृहस्थ सापडले, गळ्यात रुमाल, आवाज मऊ. ते सांगायचे की सिगार ओढायचा नसतो, त्याचा आस्वाद घ्यायचा असतो. आधी बोटांत फिरवून बघायचा, कानाशी धरून ऐकायचा (हो, ऐकायचा!), मग हुंगायचा, मग न पेटवता नुसता ओढून बघायचा. पहिल्या भागात देवदाराचं लाकूड लागतं, मधल्यात कोको, शेवटी चामडं. 'मीडियम' म्हणजे फार सौम्य नाही, फार कडक नाही.

"म्हणजे आपल्या चहासारखा," नलू म्हणाली. "पण चामड्याची चव कशी ओळखणार ओ तुम्ही? चप्पल चाटून बघणार काय?"

सरावाला सिगार कुठून आणायचा? शेवटी मी भाजीच्या टोपलीतलं एक बेताचं गाजर घेतलं. दोन्ही टोकं कापली आणि बाल्कनीत आरामखुर्चीत बसलो. गाजर बोटांत फिरवलं. कानाशी धरलं. डोळे मिटून हुंगलं. डोळे उघडले तर समोरच्या गच्चीवरच्या गुप्ताबाई कपडे वाळत टाकायचं सोडून माझ्याकडं बघत होत्या. मी घाईघाईनं गाजराचा चावा घेतला, पण उशीर झालेला. दुपारी त्यांनी नलूला विचारलं, "भाईसाहब की तबीयत तो ठीक है न?"

"तबीयत ठीक है," नलू म्हणाली, "बेटी की शादी है." गुप्ताबाईंना ते लगेच पटलं.

चौथ्या दिवशी नलूनं गाजर काढून घेतलं, कोशिंबिरीला हवं होतं. मी दुसरं घेतलं. मुक्ता कॉलेजातून आली की माझी परीक्षा घ्यायची. "पप्पा, इनहेल नाही करायचं हं. धूर फक्त तोंडात ठेवायचा. गिळलात तर गेलात." मी मान हलवायचो. गाजराच्या बाबतीत तरी मी एकदाही चुकलो नाही.

अष्टमी उजाडली. होळीनंतरची ही अष्टमी म्हणजे इकडचा बासोडा, शीतला मातेचा दिवस. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, देवीला थंड नैवेद्य दाखवायचा आणि घरादारानं थंडच जेवायचं. तीस वर्षं हे आम्हाला ठाऊक होतं, कारण तीस वर्षं गुप्ताबाईंकडून त्या दिवशी ताट यायचं. गुळाचे पुए, ताक-बाजरीची राबडी, भजी, सगळं गार. "बिचाऱ्या गडबडीत गरम करायचं विसरतात," असं पहिल्या वर्षी नलू म्हणाली आणि तिनं ते गरम केलं. पुढं खरं कारण कळलं, पण तोवर आम्हाला गरम राबडीची सवय लागलेली. शिवाय आमच्याकडची शीतला सप्तमी श्रावणात, तेव्हा ही देवी आमची नव्हे, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलेलं.

कर्नलसाहेबांचं घर टोंक रोडला, चाकसूच्या थोडं अलीकडं, शेतात. फाटकासमोरून शीतलेच्या जत्रेला जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या गाणी म्हणत चाललेल्या. मी नवा कुर्ता घातला होता. खिशात देवघरातली काडेपेटी घेतली होती, कारण रुमालवाले गृहस्थ म्हणाले होते, लायटरनं चव बिघडते.

कर्नलसाहेब उंचेपुरे, मिशीवाले आणि अगदी लाघवी. नलूला आणि मुक्ताला त्यांनी आत दादीसांकडं पाठवलं आणि मला घेऊन व्हरांड्यात बसले. लाकडी पेटी उघडली. आत तो होता! तांबूस, तुकतुकीत, माझ्या गाजरापेक्षा थोडा सडपातळ. त्यांनी छोट्या कात्रीनं टोक कापलं आणि दोन्ही हातांनी मला दिला.

"पहले ऐसे ही, बिना जलाए. बताइए, क्या मिलता है?"

मी बोटांत फिरवला. कानाशी धरला. कर्नलसाहेबांची मिशी कौतुकानं हलली. मग ओठात धरून हलकेच श्वास ओढला आणि देवदार, कोको, चामडं, सगळं पाठांतर एका क्षणात विसरलो. मला निपाणीचा वास आला. संध्याकाळी बाबा वखारीतून यायचे, आई त्यांचा सदरा वेगळ्या दोरीवर टाकायची, आणि मी त्या सदऱ्यात तोंड खुपसून उभा राहायचो. शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हलायचो नाही. आई ओरडायची, "आरं, सोड की त्यो सदरा!" बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एवढे जवळ ते कधी आले नव्हते.

"गोदाम," मी म्हणालो. "गोदाम, और पसीना."

"क्या बात है!" कर्नलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "सच्चे क़द्रदान हैं आप!" तेवढ्यात आतून त्यांना हाक आली. उठता उठता ते म्हणाले, "मैं अभी आया. बाक़ी तो आप जानते ही हैं."

आता यावर कुणीही काय समजेल? त्यांना म्हणायचं होतं की आज बासोडा, घरात विस्तव पेटवायचा नाही, तेव्हा एवढ्यावरच समाधान माना. मला वाटलं, परीक्षा! यजमानानं कापून दिलेला सिगार तसाच ठेवणं म्हणजे अपमान, हे रुमालवाले दोनदा बजावून गेले होते. आणि खरं सांगतो, मला अजून थोडा वेळ बाबांजवळ बसायचं होतं.

मी काडी ओढली. वारा होता, विझली. दुसरी विझली. तिसरीला कुर्त्याचा आडोसा केला तर कुर्त्याला भोक पडलं. पाचव्या काडीला सिगारचं टोक सगळीकडून सारखं लाल झालं, अगदी व्हिडिओतल्यासारखं. मी झुरका घेतला. धूर तोंडात ठेवला. सोडला. जमलं! मी पायावर पाय टाकला. दुसरा झुरका घेतला आणि त्याच वेळी मला बाबांच्या आठवणीनं हुंदका आला. हुंदक्याबरोबर श्वास आत जातो. धूरही आत गेला.

व्हरांडा फिरायला लागला. खांब एकाचे दोन झाले. मला उचकी लागली, आणि प्रत्येक उचकीबरोबर थोडा थोडा धूर बाहेर यायला लागला.

"धुआँ!" आतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "धुआँ कठै सूँ आवै है?"

दादीसा दारात उभ्या. ठेंगणी बाई, पांढरी ओढणी, गालांवर देवीचे व्रण. हातात शीतलेच्या पूजेच्या पाण्याचा भलामोठा लोटा. त्यांनी सिगार पाहिला, मला पाहिलं, आणि क्षणाचाही विचार न करता लोटा माझ्यावर उपडा केला.

सिगार विझला. मी विझलो. मागून कर्नलसाहेब, कुलदीप, नलू आणि मुक्ता धावत आले. सगळ्यांत पांढरी पडलेली मुक्ता.

"दादीसा, वो... मुक्ता के पापा को मालूम नहीं था," कुलदीप चाचरत म्हणाला.

दादीसा खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, त्या पाच वर्षांच्या असताना घरात देवी आल्या. त्या वाचल्या, धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून या दिवशी त्यांनी घरात काडीसुद्धा पेटू दिली नव्हती. एकदाही नाही. ते ऐकताना मला जी लाज वाटली, ती आजही जशीच्या तशी आठवते.

"रोज पीते हो?" त्यांनी विचारलं.

"कभी नहीं पी," मी म्हणालो आणि उचकी दिली. मग उचक्यांमधून सगळंच बाहेर पडलं. वखार, बाबा, आणि आईनं लहानपणी घातलेली शपथ, की तंबाखूवर जगायचं पण तंबाखू तोंडात घालायची नाही. "झूठ बोला, माँजी. बेटी के लिए बोला."

तेव्हा नलूला वाटलं, आपण आता नवऱ्याची बाजू घ्यायला हवी. ती पुढं झाली. "सच है, माँजी. ये तो गाजर पे सीखे हैं."

"गाजर पे?"

नलूनं हातवारे करून दाखवलं. कानाशी धरलेलं गाजर, मिटलेले डोळे, समोरच्या गच्चीवरच्या गुप्ताबाई. दादीसांच्या तोंडावरची ओढणी हलायला लागली. मग खांदे हलायला लागले. कर्नलसाहेब मिशीवर हात ठेवून भिंतीकडं वळले. सुटलो, मला वाटलं! इथं नलूनं थांबायचं होतं. पण खरं बोलायला लागली की तिला थांबवता येत नाही.

"और हमको बासोडे का सच में कुछ नहीं समझता, माँजी. पड़ोसी का ठंडा खाना आता है न, वो तो हम तीस साल से गरम करके खाते हैं!"

हसू थांबलं. मुक्तानं डोळे मिटून घेतले. दादीसांनी एकदा माझ्याकडं, एकदा नलूकडं बघितलं. मग कर्नलसाहेबांकडं वळून म्हणाल्या, "लड़की को जल्दी ले आओ. इन लोगों के घर में रही तो कुछ नहीं सीखेगी."

लग्न पुढच्याच मुहूर्तावर झालं. त्या दिवशी ओल्या कुर्त्यात बसून मी जी गार राबडी खाल्ली, तिच्यासारखी चव मला कुठल्याच गरम पदार्थात लागलेली नाही. दादीसा स्वतः वाढत होत्या.

त्यानंतर दर बासोड्याला आम्हाला बोलावणं यायचं. बाकीच्या पाहुण्यांचं स्वागत कुंकू लावून, माझं खिसे तपासून! तपासणीचं काम दादीसांनी मुक्ताकडं दिलेलं. स्वतः व्हरांड्यात बसून त्या लक्ष ठेवायच्या, "दूजी जेब भी देख!" म्हणायच्या, आणि मग ओढणीआड हसायच्या. वर्षातून एकदा त्यांना एवढं हसवता यायचं, म्हणून मी मुद्दाम जास्त खिशांचं जाकीट घालायला लागलो.

दादीसा गेल्या वर्षी गेल्या. यंदा बासोड्याला आम्ही गेलो तर व्हरांड्यात त्यांची खुर्ची तशीच होती, रिकामी. नलू आत गेली. मला काही केल्या फाटकातून पुढं पाऊल टाकवेना. आपण कशाची वाट बघतोय, हे मलाही कळत नव्हतं.

मुक्ता बाहेर आली. माझ्याकडं बघत उभी राहिली. डोळे भरलेले, पण आवाज कडक. "पप्पा, हात वर."

मी हात वर केले. ती एकेक खिसा शांतपणे उलटा करत होती आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात जत्रेला निघालेली एक ट्रॉली फाटकाशी थांबली आणि वरून एका बाईनं विचारलं, "चोर पकड़ा क्या, बाईसा?"

"नहीं, ये मेरे पापा हैं," मुक्ता म्हणाली.

बाईनं माझं रडणं पाहिलं, उलटे खिसे पाहिले आणि हळहळून म्हणाली, "पकड़े जाने पर सब यही कहते हैं, बेटी."