मांडवातला मामा

डहाणूजवळच्या आमच्या वरोरला लग्न भटजी लावतात, पण ते रंगतं धवलारणीमुळे. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी बाई. ती ओळ सांगते, बाकीच्या बायका मागून म्हणतात, आणि एकदा सुरू केलेला धवला मध्ये तोडायचा नसतो. माझ्या नवऱ्याची आत्या आमची धवलारीण होती. मागच्या वर्षी ती गेली.

मी मूळची हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, आणि पुढे मैत्रिणीबरोबर डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला आले. बोटींना बर्फ पोचवणाऱ्या एका टेम्पोवाल्याशी माझं जुळलं. मामाने फोनवर सांगून टाकलं, "मासेवाल्यांच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही." आई तेवढी एकटी आली, एसटीने. इथे मला माहेर नाही म्हणून आत्याने आपलं घरच नवरीचं घर केलं.

मी मुळात धाकधुकीची. धवल्यात नवरीच्या एकेका नातेवाइकाची ओळ येते, हे मला कळलं होतं. काका, मावशी कसंही निभावलं असतं. पण मामाची ओळ आली की बायका एकमेकींकडे बघणार आणि आई मान खाली घालणार, हे डोळ्यांसमोरून हलेना. हळदीच्या आदल्या दिवशी मी आत्याला विचारलं, "मामाची ओळ गाळता येते का?"

"धवल्यातलं काही गाळत नाहीत, बाय. तू सुपाऱ्या निवड."

हळदीच्या सकाळी एकाच्या जाळ्यात कासव अडकलं. किनाऱ्यावर कासव सापडलं की लोक आधी आत्याला हाक मारायचे. वनखात्याला फोन करून गाडी येईपर्यंत ती त्याला आपल्या अंगणात सांभाळायची. मासळीच्या मोठ्या टबात कोरडंच ठेवायचं, पाठीवर ओलं गोणपाट, नाक मोकळं. कासवाला आपल्यासारखाच श्वास लागतो. दमलेलं असलं तर डोकं वर काढायची ताकद नसते, पाण्यात बुडूनच मरतं.

तलासरीला दिलेली तिची लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "आये, घरात लग्न आहे की दवाखाना?"

"दोन्ही. तू हळद बघ."

हळद लागत होती. आत्याचा आवाज मांडवभर फिरत होता. काका झाला, मावशी झाली. आत्याने ओळ उचलली, "नवरीचा मामा गंऽऽ..."

आणि तिची नजर अंगणात गेली. आमच्या हिंगोलीकडे उन्हाळ्यात दारात आलेल्या गुराला आधी पाणी दाखवतात. कोरड्या टबात पडलेला तो जीव बघून आईला राहवलं नव्हतं. पदर खोचून ती भरली बादली टबात ओतायला निघाली होती.

धवला तर तोडायचा नाही. आत्याने त्याच चालीत, जरा वरच्या पट्टीत, ओढलं:

"मामा दमून आला गं, पाण्यात नको घालू!"

बायकांनी सवयीने मागून म्हटलं, पाण्यात नको घालू.

"ठेव बादली खाली गं, विहीणबाई माझे!"

ठेव बादली खाली गं. तेवढ्यात एकीला काय चाललंय ते कळलं, ती खुदकली, आणि सगळा मांडव हसायला लागला. आई बादली धरून तशीच उभी. मग तीही हसली, इतकी की खाली बसली. आत्या मात्र गातच राहिली. मामा लांबून आला, मामाने गोणपाटाचा शेला घेतला, मामा भाचीकडे बघतो. हळदीने माखलेली मी टबाकडे बघत होते. मामाची ओळ झाली होती, आणि सगळ्यांत लांब झाली होती.

बोहल्यावर मला आत्याच घेऊन गेली.

पुढे वनखात्याकडे कासव बरं झालं. समुद्रात सोडताना बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. आत्याने हिंगोलीला फोन लावला, "विहीणबाई, तुमचा भाऊ निघाला बघा!"

तिकडून आई म्हणाली, "जेवून निघाला ना?"

आत्या मला नंतर लग्नालग्नांत सोबत न्यायची. माझा आवाज बारीक, तरी आता धवले म्हणायला बायका मलाच पुढे बसवतात. यंदा गंजाड गावची एक मुलगी आमच्या आळीत सून म्हणून यायची होती. तिला मामाच नाही. हळदीच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती हळूच जवळ आली आणि म्हणाली, "मामाची ओळ गाळली तर चालेल का?"

"गाळत नाहीत, बाय," मी म्हटलं, आणि सुपाऱ्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.