साबणाचं कलम

वरवट बकालला आमच्या शेजारी महादेवराव ढगे राहतात. वय बहात्तर. त्यांच्या घरात गेल्या एकतीस वर्षांत अंगाचा साबण एकदाही संपलेला नाही. हे ऐकून परक्या माणसाला वाटतं, या घरात आंघोळ करत नसावेत. तसं नाही. महादेवराव रोज दोनदा आंघोळ करतात, आणि बाहेर येतात तेव्हा बहुतेक वेळा एका कानात थोडा फेस राहिलेला असतो.

साबण संपत नाही, कारण ते त्याला संपू देत नाहीत. जुना साबण झिजून पातळ झाला की ते तो नव्या वडीवर बसवतात. असं पुष्कळ जण करतात. पण बाकीचे तुकडा चिकटवतात आणि महादेवराव कलम बांधतात.

त्यांचा जन्म संत्र्याची कलमं बांधण्यात गेला. हिवाळा लागला की तालुक्यातल्या रोपवाटिकांची माणसं त्यांना बोलवायला यायची. जंभेरी लिंबाच्या रोपाला, म्हणजे खुंटाला, चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची. त्यांनी बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. आता त्यांना बारीक चीर दिसत नाही. दोन हिवाळे झाले, कोणी बोलवायला आलेलं नाही. बांधायला उरला आहे तो साबण.

नव्या वडीला ते खुंट म्हणतात, जुन्या तुकड्याला डोळा. कलमाच्या चाकूने खुंटावर आडव्याउभ्या रेघा ओढतात, दोन्ही ओले करून जुळवतात, जुन्या धोतराची पट्टी गुंडाळतात आणि सावलीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते, तेव्हा घरातल्यांनी जवळ उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असते.

"राम पाळण्यात होता तवाचा साबन हाय याच्यात," असं ते पाहुण्यांना सांगतात. राम म्हणजे त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि देऊळगाव राजाहून प्रतीक्षा घरात आली. सासऱ्यांचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली होती, "म्हणजे मी अठ्ठावीस वर्षांचा शिळा साबण लावायले?"

यंदा माहेराहून येताना तिने पातळ साबणाची बाटली आणली. वरचं बोंड दाबलं की गुलाबाच्या वासाचा साबण हातावर येतो. बाटली न्हाणीघरात ठेवल्याच्या संध्याकाळी दोघांची अंगणात जुंपली. मी कुंपणाशी उभी होते, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं.

"मामाजी, तुमच्या साबणाला चार रंग आहेत. माझी आई आली तर विचारंल, साबण आहे का बर्फी?"

"बर्फी समज. तुह्या बाटलीतलं सरलं की बाटली कुठी जाते?"

"कुठं म्हणजे? कचऱ्यात."

"मंग आता माह्या साबनाचा कचरा दाखव. दाखव ना! एकतीस वर्साचा हाय, गोनीभर तरी असंल!"

प्रतीक्षाने पैज लावली. खुंटासाठी वडी ती देणार. महादेवरावांनी कलम बांधायचं, घरातल्यांनी रोज वापरायचं, पण सांध्याला बोट कोणी लावायचं नाही. महिनाभर सांधा टिकला तर बाटली न्हाणीघरातून जाईल. सुटला तर साबणाची कलमं कायमची बंद. खेपा तीन.

"निकाल बाईच देतीन," महादेवराव माझ्याकडे बोट करून म्हणाले. "त्यायनं रामले गनितात दोनदा नापास केलं. कोनाची बाजू घेत नाईत त्या."

प्रतीक्षाने आणलेली वडी पारदर्शक होती, मधाच्या रंगाची, ग्लिसरीनची. त्यातून पलीकडची बोटं दिसत. तिच्यावर काहीही ठेवलं तरी घसरत होतं. महादेवरावांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय."

पहिलं कलम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटलं. दुसरं तीन दिवस टिकलं. राम एरवी शेतातल्या मोटारीच्या धारेखाली अंग धुतो. त्या दिवशी नेमका घरी आंघोळीला गेला आणि दोन्ही हातांत एकेक चकती घेऊन बाहेर आला.

"बाबा, जुळं झालं."

महादेवराव हसले नाहीत. दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. मी गेले तेव्हा म्हणाले, "बाई, इतल्या वर्सात असं झालं नाई. माहा हातच गेला वाटते."

या सगळ्या दिवसांत त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई घरी नव्हत्या. भावजयीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून वडनेर भोलजीला गेल्या होत्या. पैज लागल्याच्या तेराव्या दिवशी त्या परतल्या, महादेवरावांनी तिसरं कलम बांधलं आणि ते टिकलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. महादेवराव पुन्हा मोठ्याने बोलू लागले. दूध घालायला आलेल्या माणसालाही साबण दाखवून झाला.

या कलमाच्या विसाव्या दिवशी प्रतीक्षा माझ्याकडे आली. दार लोटून घेतलं.

"बाई, परीक्षेत कॉपी चालती का?"

सकाळी ती सासूची पाठ चोळून द्यायला गेली होती. महादेवराव आधी आंघोळ करतात, मग रुक्मिणीबाई. रुक्मिणीबाईंनी अंग धुतलं, साबण उचलला, आणि ओल्या अंगठ्याने सुटत आलेली कड सगळीकडून दाबून टाकली. बोलणं चालूच होतं, साबणाकडे लक्षही नव्हतं.

"आई, हे काय करायलात?"

"काय बापा, सवय हाय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या का तिसऱ्या साबनापासून. रोजच सुटते ते."

"मामाजींना माहीत आहे?"

"त्यायले कायले सांगतं? लोकायच्या वावरात दिवसभर डोळे बांधून येत अन घरचं सुटलं की जेवत नसत. मंग म्या दाबाले लागली." आणि सूनबाईच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "तुले सांगाचं असंल त सांग. मी काई नाई म्हननार नाई."

प्रतीक्षा मला म्हणाली, "सांगा आता. पैज मीच जिंकलेय ना?"

"मी काही पाहिलेलं नाही," मी म्हणाले. "न पाहिलेली कॉपी मला पकडता येत नाही. तू पाहिलीस, तू ठरव."

"शिकवायची सवय जात नाही हो तुमची," असं म्हणून ती उठली.

पंचविसाव्या दिवशी वडनेरहून निरोप आला. भावजयीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. रुक्मिणीबाईंनी पिशवी भरली. निघताना त्या साबणाबद्दल कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण एस. टी. येईपर्यंत तीनदा न्हाणीघरात जाऊन आल्या. आता प्रतीक्षाला काहीही करायची गरज नव्हती. सांगायचीही नाही. नुसतं गप्प बसलं की दोन दिवसांत साबण आपणच सुटणार होता.

तिसाव्या दिवशी निकालाला मला बोलावलं. महादेवरावांनी साबण ताटलीत ठेवून आणला, वरून रुमाल. प्रतीक्षा दाराच्या चौकटीला टेकून नखं पाहत होती.

मी रुमाल काढला. सांधा शाबूत होता. नख लावून पाहिलं, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं, हलला नाही. मात्र त्याच्या कडेला सगळीकडून बारीक मुरड होती, एकीला एक लागून, अगदी सारखी. ढग्यांच्या घरात करंज्यांची कड कातणीने कापतात. बोटाने मुरड घालणारी या घरात एकच बाई आहे, देऊळगाव राजाहून आलेली, आणि दर दिवाळीला तिच्या करंज्यांचं ताट मला येतं.

"बाई, पाह्यलं का?" महादेवराव माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "सांध्याले कशी नक्षी आली! खुंट चांगला असला की असं होते."

मी प्रतीक्षाकडे पाहिलं. ती नखंच पाहत होती.

"सांधा टिकला," मी म्हणाले. "महादेवराव जिंकले."

"हरले बाई मी," प्रतीक्षा म्हणाली. न्हाणीघरातून बाटली उचलून आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि पदर खोचत परत आली. "पण मामाजी, पुढचा खुंटही मीच आणणार. चंदनाचा."

"आन ना. पन बांधल्यावर हात लावाचा नाई, सांगून ठेवतो."

"अगं बाई! मी कशाला लावू?"