गिरमिटच्या दाढा

धारवाडच्या पद्मनाभ मास्तरांनी चौतीस वर्षांत हजारो वह्यांवर लाल शाईनं 'पाहिले' असं लिहून सही ठोकली. आत पोरांनी काय दिवे लावलेत, हे वाचण्याच्या फंदात ते कधी पडले नाहीत.

मुलगी मेधा तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हैसूरला निघाली, तेव्हा तिनं आपला गिनीपिग, गिरमिट, त्यांच्या हवाली केला आणि सोबत सूचनांचा कागद दिला. मास्तरांनी सवयीनं त्यावरही 'पाहिले' लिहिलं आणि तो खिळ्याला अडकवला.

"गवत घालायला सांगितलंय की हो तिनं," त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई म्हणाल्या.

"घरच्या जिवाला गवत? हा काय गोठा आहे काय?"

मास्तर रोज लोण्यासारखा मऊ दहीभात कालवत. एकादशीला साबुदाण्याची खीर. गिरमिट गुपचूप खाई, आणि मास्तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवत, "बघा, कसं वळण लावलंय!"

दोन महिन्यांत वळण अंगाशी आलं. गिरमिट ताटलीला तोंड लावी आणि मागं सरे. हनुवटी लाळेनं भिजलेली. एके सकाळी त्यानं काहीच खाल्लं नाही, तेव्हा मास्तरांचं अवसान गळालं. हा दगावला तर मेधाला काय तोंड दाखवायचं? टोपली मांडीवर घेऊन त्यांनी हुबळीची बस धरली. वाटेतलं रायापूर येईपर्यंत तीनदा झाकण उघडून पाहिलं.

कोप्पीकर रोडचा जनावरांचा डॉक्टर श्रीहर्ष त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"सर, दाढा वाढून जिभेवर आल्यात. गिळायचं कसं त्यानं? ह्यांचे दात जन्मभर वाढतात. दिवसभर सुकं गवत चघळलं तरच झिजतात. कुणी सांगितलं नव्हतं?"

"कागद दिला होता."

"मग?"

"पाहिला होता," मास्तर पुटपुटले.

श्रीहर्षनं हातमोजे चढवले. त्याच्याही सगळ्या वह्यांवर तोच शेरा होता.

भूल देऊन दाढा घासल्या. गिरमिट वाचला. मास्तरांनी घरी येऊन कागद पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पोरांना देत तीच शिक्षा त्यांनी स्वतःला केली: 'रोज भरपूर सुकं गवत घालणे', शंभर वेळा, सुवाच्य अक्षरात.

मेधा परतली तेव्हा गिरमिट कराकरा गवत चघळत होता. मास्तरांनी सगळं कबूल करून वही पुढं केली. तिनं भराभर पानं उलटली.

"अप्पा, लाल पेन द्या की."

आणि शंभराव्या ओळीखाली तिनं लिहिलं, 'पाहिले.'