शिवेपासून घरापर्यंत

टोरंटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान मिळालं तर पंधरा तास. एसटीच्या आगारात आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिल्यामुळे अंतर आणि वेग यापलीकडे माझा फारसा कशावर विश्वास नव्हता. पण माझी पत्नी मालती घरी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती एकच विचारायची, "सुहास कुठवर आला?" आमचा एकुलता एक मुलगा तेव्हा नुकता विमानात बसला होता. मुंबईहून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावापर्यंत आणखी आठ तास. माझं गणित काही जमेना.

शेजाऱ्यांनी गळ घातली म्हणून ग्रामदेवीच्या देवळात गेलो, तेही कुरकुरतच. गुरवाला म्हटलं, "विमान वेळेत उतरू दे, असं गाऱ्हाणं घाल."

"भाऊ, विमानाचा मी काय सांगू? आमच्या देवीची शीव वहाळापर्यंत. तिथनं घरापर्यंतचा तेवढा मागूया."

मला रागच आला. एवढ्या प्रवासातला जेमतेम पाव तास मागायला का आलो होतो मी? तरी हात जोडले. "पोर शिवेत आला की त्याला आयशीजवळ पोचव गो माये," गुरव म्हणाला. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं, आणि माझ्याही तोंडून ते निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुहासची गाडी नेमकी शिवेवरच्या त्या ओढ्यापाशी, वहाळापाशीच अडली. रस्त्यावर झाड आडवं पडलेलं, फोनला रेंज नाही, म्हणून तो पायीच निघाला. बारा वर्षांनी येत होता तो. सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, जुन्या पायवाटेवर आता आंब्याच्या बागांचे चिऱ्याचे गडगे, दगडी कुंपणं, उभे राहिलेत, त्यामुळे पोर आपल्याच गावात वाट चुकलं. तेवढ्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई दिसली. "माज्या मागनं ये," एवढंच बोलून तिने त्याला गडग्यांमधून थेट आमच्या मागीलदारी आणून सोडलं.

मालतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवलास काय?" म्हणाली. अर्ध्या तासाने ती गेली.

त्या बाईची मी तिन्ही वाड्यांत चौकशी केली. कोणालाच ठाऊक नव्हतं. ती कोण, यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

गाऱ्हाण्यात तोंडाने उच्चारावं तेवढंच देवीपुढे जातं, असं आमच्याकडे मानतात. मी सुहासचं पोचणं मागितलं. मालतीचं राहणं मागायचं मला सुचलंच नाही. ही बोच जात नाही, आणि मिळालेल्या त्या अर्ध्या तासाचे उपकारही फिटणार नाहीत.

दिवसकार्य आटोपून सुहास निघाला, तेव्हा मी वहाळापर्यंत गेलो. या वेळी तास मोजले नाहीत. पुढची शीव ज्याची असेल त्याने त्याला सांभाळावं, असं म्हणून हात जोडले. मग, गाडी दिसेनाशी झाल्यावर, मोठ्याने उच्चारून म्हटलं, "आणि परत आण गो माये."